दोघी मैत्रिणी, दोन पाठपिशव्या आणि आडहंगामातली इटली

मी राजोडीची. फुलांची वाडी, विरार लोकल आणि दादरचा बाजार, एवढ्यात माझी तीस वर्षं गेली. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते आम्ही दोघींनी केलेल्या एका प्रवासाबद्दल. ३० जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ या दिवसांत मी आणि माझी मैत्रीण इटलीला जाऊन आलो. सोबत टूर कंपनी नव्हती, नवरे नव्हते, मुलं नव्हती. पाठीवर सात-सात किलोची एकेक पिशवी आणि हातात एक वही, एवढंच.

परत आल्यापासून बायका मला तीनच प्रश्न विचारतात. पैसे कुठून आणले? भीती नाही वाटली? आणि थंडीत कशाला गेलात? या तीन प्रश्नांची उत्तरं देते, आणि शेवटी त्या प्रवासाचा आमच्या वाडीशी काय संबंध आला तेही सांगते.

आधी पैशांचं. आम्ही दोघी एकाच वाडीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या. मी वाडवळ, ती ख्रिस्ती. तिच्याकडे केळी आणि भाजी, माझ्याकडे सोनचाफा, मोगरा आणि तगर. जानेवारी २०१७ पासून आम्ही दोघींनी दोघींचीच एक भिशी चालू केली. महिन्याला दोन हजार रुपये, कुणालाही उचलायची मुभा नाही. करोनात बाजार बंद पडला तेव्हा वर्षभर एक पैसा टाकता आला नाही. ते वर्ष सोडलं तर २०२३ च्या अखेरीला बहात्तर हप्ते झाले. बहात्तर गुणिले दोन हजार, म्हणजे एकीचे एक लाख चव्वेचाळीस हजार. आमचा खर्च माणशी एक लाख बेचाळीस हजार झाला. त्यात विमान, व्हिसा, विमा, राहणं, खाणं, गाड्या, सगळं आलं. उरलेल्या दोन हजारांत घरच्यांना चॉकलेटं आणली.

एवढ्या पैशात बसलं, याचं कारण तिसऱ्या प्रश्नात आहे. आम्ही आडहंगामात गेलो.

आडहंगाम म्हणजे काय, ते राजोडीच्या बायकांना वेगळं सांगायला नको. आपल्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार आणि मे महिन्यात माणूस मावत नाही. सुरूच्या बनात गाड्या लागतात, शहाळ्याचा आणि खोल्यांचा भाव चढतो. आणि जुलैत? जुलैत समुद्र खवळलेला, होड्या वर ओढलेल्या, रिसॉर्टला कुलूप. तसंच तिकडे हिवाळ्यात असतं. भूमध्य समुद्राच्या देशांत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्या अगदी उलट. म्हणून जून ते ऑगस्ट तिकडे जगभरची गर्दी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत रस्ते मोकळे. विमानाचं तिकीट कमी, खोल्यांचे दर कमी. ज्या खोलीला आम्ही पैसे दिले, तिचा उन्हाळ्यातला दर जवळजवळ दुप्पट असतो, असं तिथल्या बाईनंच सांगितलं. रोममध्ये सेंट पीटर्सच्या मोठ्या देवळाबाहेर उन्हाळ्यात तासन् तास रांग लागते म्हणतात. आम्ही वीस मिनिटांत आत होतो, आणि आत जायला तिकीटही नाही.

पण आडहंगामाची दुसरी बाजूही सांगते. दिवस लहान. पाच-साडेपाचला अंधार पडायला लागतो. पाऊस कधीही येतो. समुद्रावरच्या गावांतली कितीतरी हॉटेलं नोव्हेंबर ते मार्च बंद असतात, बोटी कमी धावतात. आमच्याबरोबरही एकदा असं झालं. नेपल्समध्ये एका लॉजमध्ये खोली आधी ठरवली होती, पैसेही भरले होते. संध्याकाळी सहाला दारात पोचलो तर दार बंद. आत रंगकाम चालू, फोन कुणी उचलेना. पाऊस पडत होता. माझी मैत्रीण म्हणाली, "बाय, आपण विरारला शेवटची गाडी चुकवून बसलोय असं समज. तेव्हा काय केलं असतं?" मी म्हटलं, "ओळखीचं दुकान शोधलं असतं." मग आम्ही कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात गेलो. दुकानवालीला कागद दाखवला. तिनं दोन फोन केले, तिसरा फोन नन्सच्या एका अतिथीगृहात लागला, आणि अर्ध्या तासात आम्हाला उबदार खोली मिळाली. पुढच्या चारही रात्री आम्ही तिथंच काढल्या.

हे अतिथीगृहाचं लक्षात ठेवा. इटलीत कितीतरी जुन्या मठांमध्ये प्रवाशांना राहायला साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. धर्म कुणी विचारत नाही. रात्री साडेदहा-अकराला दार बंद होतं, एवढी एक अट. ज्या बायकांना त्या वेळी बाहेर फिरायचंच नाही, त्यांना ही अट म्हणजे सोयच.

आता भीतीचं. मैत्रिणींनो, खरी भीती विमानाची किंवा गोऱ्या लोकांची नव्हती. भीती होती ती घरातून निघण्याआधीच्या सहा महिन्यांची. "या वयात?" "लोक काय म्हणतील?" "तिथं पडलात-झडलात तर?" माझा धाकटा मुलगा म्हणाला, "आई, तुला इंग्रजीसुद्धा धड येत नाही." मी त्याला म्हटलं, "अरे, इटलीत इंग्रजी बोलतच नाहीत."

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तिथंच पुष्कळ जणी मागे फिरतात. पासपोर्टची छत्तीस पानी पुस्तिका साध्या पद्धतीनं काढली तर फी दीड हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला मागत नाहीत. नवऱ्याची परवानगी तर कधीच लागत नाही. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा त्याची फी ८० युरो होती, जून २०२४ पासून ती ९० युरो झाली आहे. सोबत बँकेचा हिशेब, येण्याजाण्याचं आणि राहण्याचं आरक्षण, आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आमच्या दोघींच्या बँकेच्या पासबुकात दर महिन्याचे दोन हजार ओळीनं दिसत होते. त्या अधिकाऱ्यांनी काय पाहिलं मला माहीत नाही, पण मला ते पासबुक दाखवताना ताठ उभं राहता आलं.

सामानाचं म्हणाल तर आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहाटेच्या गाडीत डोक्यावर करंडी, काखेत गाठोडं आणि हातात डबा घेऊन चढणारी बाई सात किलोची पिशवी पाठीवर सहज घेते. दोन पंजाबी ड्रेस, आतून घालायचे गरम कपडे, एक स्वेटर, एक रेनकोट, औषधं, आणि खायला सुकेळी. तिकडच्या देशांत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, तूप, खवा घरीच ठेवायचं. ताजी फळंही कागदाशिवाय नेता येत नाहीत. त्याला फक्त पाच फळांचा अपवाद: अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि आपलं केळं! आमची राजेळी केळ्यांची सुकेळी, उन्हात वाळवलेली, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, आमच्याबरोबर रोमला पोचली.

पैशांसाठी मैत्रिणीनं परकराला आतून खिसा शिवला होता. पासपोर्ट तिथं, दिवसभराचे सुटे पैसे वेगळ्या पाकिटात. लोकलच्या गर्दीत पाकीट सांभाळायची सवय नेपल्सला फार उपयोगी पडली. नेपल्सहून पॉम्पेईला जाणारी छोटी गाडी अगदी आपल्या विरार लोकलची बहीण आहे. तशीच भरलेली, तशीच उशिरा येणारी. गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी ते फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. चहा तिकडे कमी, कॉफी फार. काउंटरपाशी उभं राहून प्यायली तर स्वस्त, बसून प्यायली तर महाग. रोममध्ये तर पाण्यालाही पैसे लागत नाहीत. गल्लोगल्ली लोखंडी नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, त्यांतून चोवीस तास पिण्याचं थंड पाणी वाहतं. आम्ही दोन बाटल्या भरायचो आणि निघायचो.

भाषेची एक गंमत सांगते. आपल्या वसईवर पोर्तुगीजांनी १५३४ पासून १७३९ पर्यंत राज्य केलं. किल्ला चिमाजी अप्पांनी घेतला, पण शब्द आपल्याकडेच राहिले. चावी, साबण, पाव, बटाटा, हे सगळे पोर्तुगीज भाषेतून आलेले शब्द. पोर्तुगीज आणि इटालियन या दोघी लॅटिनच्या मुली, म्हणजे सख्ख्या बहिणी. त्यामुळे खोलीची चावी मागायची तर 'कियावे', साबण मागायचा तर 'सापोने', पाव म्हणजे 'पाने', बटाटा म्हणजे 'पताता'. माझी मैत्रीण पहिल्या दिवशी म्हणाली, "ही माणसं आपलेच शब्द चुकीचे बोलतात."

आता जे पाहिलं त्यातल्या दोन बायकांबद्दल सांगते. दोघीही नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात भेटल्या. तिकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. आमचा नेपल्समधला रविवार ४ फेब्रुवारीचा, म्हणजे पहिलाच. तारखा ठरवतानाच वहीत तसं लिहून ठेवलं होतं.

पहिली बाई हस्तिदंताची. जेमतेम वीतभर उंचीची. अंगभर दागिने, हातात बांगड्या, दोन बाजूंना दोन दासी. ती इटलीतली नाही, आपल्याकडची आहे. पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घराच्या खोदकामात ही भारतीय मूर्ती सापडली. लोक तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण अभ्यासकांच्या मते ती यक्षी असावी. तिच्यासारख्या मूर्ती कुठं सापडल्या माहीत आहे? आपल्या महाराष्ट्रात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणजे मराठवाड्यातल्या कुणा कारागिराच्या हाताखालून गेलेली अशी बाई समुद्र ओलांडून इटलीतल्या घरात जाऊन राहिली असावी.

ती कशी गेली असेल? पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्याच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात पैठण आहे, तेर आहे, कल्याण आहे, आणि आमच्या शेजारचं सोपारा आहे. नालासोपाऱ्याचं तेच सोपारा, जिथं १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटातला स्तूप उघडला. हा व्यापारी लिहितो की हिंदुस्थानकडे यायचं तर मिसरहून जुलैच्या सुमाराला निघावं. पावसाळी वाऱ्यावर शिडं भरून यायचं, आणि थंडीत वारा फिरला की परतायचं. हस्तिदंत, कापड, मिरी, मणी आपल्याकडून जायचे. तिकडून तांबं, पोवळं आणि दारू यायची, आणि दारूत पसंती इटलीच्या दारूला! त्या काचेसमोर उभं राहून माझ्या मनात आलं, आपल्या राजोडीच्या समुद्रासमोरूनच ही गलबतं गेली असतील. दोन हजार वर्षांपूर्वी एक बाई इकडून तिकडे गेली. मग आम्ही गेलो त्यात नवल काय?

दुसरी बाई संगमरवराची. तिचं नाव युमाकिया. ही पॉम्पेईतली खरीखुरी बाई, पहिल्या शतकातली. बापाचा विटा-कौलांचा व्यवसाय, तिच्याकडे पैसा आला, ती तिथं पुजारीण होती. तिनं शहराच्या मुख्य चौकात स्वतःच्या नावानं मोठी इमारत बांधली. तिचा पुतळा राजानं उभारलेला नाही, नवऱ्यानंही नाही. तो उभारला कपडे धुऊन-रंगवून देणाऱ्या कारागिरांनी, म्हणजे त्या वेळच्या परीट लोकांनी. दुसऱ्या दिवशी पॉम्पेईत गेलो तेव्हा ती इमारतही पाहिली. छप्पर नाही, पण दारावर तिचं नाव कोरलेलं अजून आहे. माझी मैत्रीण बराच वेळ त्या नावाकडे बघत होती. मग म्हणाली, "दोन हजार वर्षांपूर्वी हिचं नाव दारावर होतं. आपलं अजून सातबाऱ्यावर नाही."

हे वाक्य मला तिथं लागलं, कारण घरी एक प्रश्न सोडून आले होते. आमची वाडी दीड एकर, माझ्या यजमानांची आणि दिरांची सामाईक. निघण्याच्या दोन महिने आधी एक गिऱ्हाईक आलं होतं. सुट्टीचे बंगले बांधायचे होते त्याला. भाव चांगला होता. विहिरीचं पाणी वर्षावर्षाला मचूळ होत चाललं आहे, मुलांना फुलांत रस नाही, मग ठेवून काय करणार, असं दिरांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं. पण त्या बैठकीत मला चहा करायला सांगितलं, मत कुणी विचारलं नाही. चाफ्याची सगळी झाडं मी लावलेली आहेत.

नेपल्सनंतर आम्ही असिसीला गेलो. ही माझ्या मैत्रिणीची इच्छा होती. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू होते, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. ते ज्या फ्रान्सिसचे अनुयायी, त्या फ्रान्सिसचं गाव असिसी. डोंगराच्या उतारावर गुलाबी दगडांची घरं. स्टेशनाजवळच्या भव्य चर्चच्या आत एक एवढंसं देऊळ आहे, आपल्या वाडीतल्या पंपाच्या खोलीएवढं. फ्रान्सिसनं तिथूनच आपलं काम सुरू केलं. मोठ्या इमारतीनं लहान देवळाला गिळलेलं नाही, पोटाशी धरलंय. मला ते फार आवडलं.

तिथं आम्ही एका शेतावर राहिलो. शेतकरीण साठीच्या पुढची, विधवा, मुलगी हाताशी. साडेसात एकर जमीन, जैतुनाची झाडं, थोडी भाजी, कोंबड्या. जुन्या गोठ्याच्या तीन खोल्या केलेल्या. सकाळी ती शिडी लावून झाडांची छाटणी करत होती, फेब्रुवारी-मार्च हे तिकडे छाटणीचे दिवस. आम्हीही फांद्या उचलायला लागलो. रात्री फोनवरच्या भाषांतरानं गप्पा. मी विचारलं, "पाहुण्यांतून शेतीपेक्षा जास्त पैसे मिळतात, मग शेती कशाला करता?" ती हसली आणि म्हणाली, "शेती सोडली तर पाहुणे ठेवण्याचा परवानाच जाईल."

तिकडे यासाठी १९८५ साली कायदा झाला, २००६ मध्ये तो नव्यानं केला. अशा शेतावरच्या राहण्याला ते 'आग्रितुरिस्मो' म्हणतात. अट अशी की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुण्यांचं काम जोडीला. आणि ताटात वाढायचं ते बहुतेक आपल्या किंवा आसपासच्या शेतातलं हवं. पडीक पडत चाललेली गावं आणि जुनी घरं टिकावीत, हा त्यामागचा हेतू. नुसतं हॉटेल काढलं आणि नाव शेताचं दिलं, असं चालत नाही.

तिला आम्ही सुकेळी दिली. तिनं वास घेतला, चाखली, आणि आत जाऊन वाळवलेल्या अंजिरांची पुडी घेऊन आली. मग दोघींनी एकमेकींना वाळवणाची रीत समजावली. किती ऊन, किती दिवस, रात्री झाकायचं कशानं. भाषांतराचा फोन बाजूला पडला, हातवाऱ्यांनीच सगळं कळलं. निघताना ती म्हणाली, "उन्हाळ्यातले पाहुणे जागा बघायला येतात. हिवाळ्यातले माझ्याशी बोलतात. मला दोन्ही लागतात. एकांवर घर चालतं, दुसऱ्यांवर मी."

परत आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. वाडी विकून येणारे पैसे किती वर्षं पुरतील, ते एका बाजूला. वाडी ठेवून, दोन खोल्या नीट करून, जून ते सप्टेंबर या आपल्या आडहंगामात पाहुणे ठेवले तर काय मिळेल, ते दुसऱ्या बाजूला. पावसात किनाऱ्यावर काही नसतं, हे खरं. आणि त्या दिवसांत पाण्यात कुणी उतरूही नये. पण वाडीत तेव्हाच तर सगळं असतं. चाफा बहरतो, केळी पोसवते, घरात पातोळ्या होतात. आणि आपल्या महाराष्ट्रातही यासाठी धोरण आहे. २०२० साली राज्यानं कृषी पर्यटन धोरण आणलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. नोंदणीला सातबारा लागतो.

इथं पुन्हा त्या दारावरच्या नावाशी आलो. बायांनो, नवऱ्याच्या हयातीत, त्याच्या संमतीनं, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची 'लक्ष्मी मुक्ती'ची सोय महाराष्ट्रात १९९२ पासून आहे. अर्ज तलाठ्याकडे करायचा. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण कधी मागितलं नव्हतं. इटलीहून आल्यावर पंधरा दिवसांनी मी जेवताना यजमानांना म्हटलं, "तुमच्या हिश्श्यात माझं नाव लावा. मग विकायचं की ठेवायचं ते चौघं बसून ठरवू." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "तलाठी कार्यालय कधी उघडतं?"

गोष्ट इथं संपली, असं मी म्हणणार नाही. दिरांना पैशांची गरज खरी आहे, विहिरीचं पाणीही मचूळच आहे. आमचं ठरलंय ते एवढंच की दोन पावसाळे खोल्या चालवून बघायच्या, हिशेब सगळ्यांसमोर ठेवायचा, आणि मग निर्णय घ्यायचा. त्या बैठकीत चहा कुणीही करेल, पण मी बसलेली असेन.

तुमच्यातल्या कुणी म्हणाल, दीड लाख रुपये आम्ही कुठून आणायचे? बरोबर आहे. प्रत्येकीनं इटलीला जावं असं माझं म्हणणं नाही. पण आम्ही जे नियम पाळले ते कुठंही चालतात. सोबतीला एकच मैत्रीण घ्या, जिच्याशी तुमची चालण्याची आणि खर्चाची गती जुळते. दोघींच्या पैशांचा हिशेब रोज रात्री वहीत लिहा, मग रुसवे होत नाहीत. आडहंगाम निवडा. पाठीवर मावेल तेवढंच न्या. पोचण्याची वेळ अंधाराआधीची ठेवा. घरी रोज एक ठरलेला फोन करा. तिकडे हिवाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे आमची दुपार म्हणजे घरची दिवेलागण. तो फोन आम्ही एक दिवसही चुकवला नाही, आणि चौथ्या दिवसापासून घरच्यांची काळजी जाऊन उत्सुकता आली.

आणि लांब जायचंच असेल तर ती हस्तिदंताची बाई जिथल्या कारागिरांची असावी, तिथं जा ना! मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. तेरला लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे, त्यात त्या काळच्या वस्तू ठेवल्या आहेत. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली. तिकडचा देव इकडे, इकडची बाई तिकडे. आमच्या गटानं यंदा पेरण्या-लावण्या आटपल्यावर तेरला जायचं ठरवलं आहे. सहा जणी आहोत, दोन जागा अजून रिकाम्या आहेत. महिना दोनशे रुपयांची भिशी चालू झाली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपलं नाव केंद्रावर चिठ्ठीत लिहून द्यावं. नाव स्वतःचं लिहा, पूर्ण.